साडेसहा किलोचा स्टुका

‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हा १९६९चा चित्रपट. त्यात सूर मारून बॉम्ब टाकणारी जर्मन स्टुका विमानं इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या रडार केंद्रावर सूर मारतात असा एक प्रसंग आहे. वाकड्या पंखांची, चाकं पोटात न घेता तशीच बाहेर ठेवून येणारी ती विमानं एकेक करून कलतात, नाक खाली घालतात आणि थेट जमिनीकडे झेपावतात. अंगावर काटा येतो. सूर मारणारी ती विमानं म्हणजे रेडिओवर चालणारी मॉडेलं आहेत. आत वैमानिक कोणी नाही. वैमानिक खाली जमिनीवर उभा आहे आणि त्याच्या हातात ट्रान्समीटर आहे.

हे कळल्यापासून तो प्रसंग मी कितीदा थांबवून थांबवून पाहिला असेल, सांगता येणार नाही. पुण्यात कॉलेजात असताना मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. कंट्रोल लाइनचं विमान, म्हणजे तारांच्या टोकाला बांधलेलं आणि उडवणाऱ्याने मधोमध उभं राहून स्वतः गरागरा फिरत उडवायचं विमान, तिथे शिकलो. पुढे नोकरीमुळे इंग्लंडात आलो, लेस्टरच्या बाजूला घर केलं आणि इथल्या एका मॉडेल क्लबात जाऊ लागलो. रेडिओवर विमान उडवणं आता हातात बसलंय. पण आमची मॉडेलं मोबाइलवर चित्रित केली की मॉडेलंच दिसतात, आणि त्या चित्रपटातली मात्र काही टनांची वाटतात. हा फरक कुठून येतो, ते मला स्वतः करून पाहायचं होतं. म्हणून स्टुका बांधायचा आणि त्याच्या सूर मारण्याचा एक शॉट घ्यायचा, असं ठरवलं.

चित्रपटवाल्यांना मॉडेलांकडे का वळावं लागलं, हे आधी सांगायला हवं. हाइंकेल आणि मेसरश्मिट या इतर जर्मन विमानांचा प्रश्न त्यांनी स्पेनमध्ये सोडवला होता. स्पेनच्या हवाई दलाकडे परवान्याने बांधलेली तीच विमानं तोवर उडत होती, फक्त त्यांच्यात इंजिनं रोल्स रॉइसची मर्लिन होती. स्टुका मात्र उडत्या स्थितीत जगात एकही उरला नव्हता. आजही धडधाकट म्हणावेत असे दोनच आहेत, एक शिकागोच्या संग्रहालयात आणि दुसरा लंडनजवळ हेंडनला, रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात. हा दुसरा चित्रपटासाठी वापरायला १९६७मध्ये परवानगी मिळाली. तो १९४०च्या स्टुकासारखा दिसावा म्हणून रंगवला, थोडे फेरफार केले. इंजिन इतकं उत्तम निघालं की सुरू करायला फारसा त्रासही पडला नाही. पण ते विमान हवेत नेण्याइतकं दुरुस्त करण्याचा खर्च परवडेना. मग पर्सिव्हल प्रॉक्टर या जुन्या ब्रिटिश विमानांना वाकडे पंख बसवून स्टुकाचं सोंग द्यायचा प्रयोग झाला. सरळ खाली सूर मारण्याचं काम अखेर मोठ्या रेडिओ मॉडेलांवर आलं.

मॉडेलांची ही कल्पना कोणी डोळे झाकून मान्य केली नव्हती. जॉन सिडॉल हे कला दिग्दर्शक आणि मॉडेलकार. मॉडेलवाल्यांच्या जगात त्यांच्या ओळखी होत्या, म्हणून ही तुकडी उभी करायचं काम त्यांच्याकडे आलं. हॅम्पशरमधल्या लॅशमच्या विमानतळावर आधी चाचणी झाली. एक लांबलचक अमेरिकन एस्टेट गाडी, म्हणजे मागे सामानासाठी मोकळी जागा असलेली मोटार, धावपट्टीवरून पळवली, मागच्या भागात कॅमेरामन बसवला आणि गाडीच्या अगदी पाठोपाठ मॉडेल उडवलं. चित्रण पाहून निर्मात्यांची खात्री पटली. त्यानंतर पाइनवुड स्टुडिओत, वादकांच्या तालमीच्या खोलीत, मॉडेलांचा कारखानाच सुरू झाला. दोन वर्षांत ब्रिटिशांची स्पिटफायर, हरिकेन आणि जर्मनांची मेसरश्मिट आणि हाइंकेल मिळून ८२ मॉडेलं तिथे बांधली गेली. एक बरं मॉडेल उभं करायला माझा आख्खा हिवाळा जातो. ८२ मॉडेलं बांधायची, आणि त्यातली कितीतरी फोडण्यासाठीच बांधायची, या विचारानेच माझा जीव कासावीस होतो.

मी प्रमाण धरलं एकास सहा. १९४०मध्ये वापरात असलेल्या ‘बी’ प्रकारच्या स्टुकाच्या पंखांचा विस्तार १३.८ मीटर होता, म्हणजे माझा झाला २.३ मीटर. याहून मोठा केला असता तर आमच्या गाडीत मावला नसता. शिवाय वजनाचं एक गणित होतं. ब्रिटनमध्ये मॉडेल उडवायचं तर नागरी विमान प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, विमानावर ऑपरेटर आयडी, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक, लावावा लागतो, आणि ४०० फुटांच्या वर जायचं नाही हा सर्वसाधारण नियम. ४०० फूट म्हणजे जेमतेम १२० मीटर. त्यातून सूर मारायचा तर विमान कललं न कललं तोच वर ओढायची वेळ येते. पण ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनच्या सभासदांना जी खास परवानगी आहे तिच्यात साडेसात किलोच्या आतल्या विमानांना ४०० फुटांच्या वर जाता येतं, विमान नजरेच्या टप्प्यात असलं म्हणजे झालं. त्यामुळे बांधणीच्या पहिल्या दिवसापासून वजनकाटा शेजारी ठेवला होता. रंगासकट, बॅटरीसकट साडेसहा किलोत बसवायचं.

स्टुका बांधायला अवघड आहे तो पंखांमुळे. धडाजवळ पंख खाली उतरतो आणि चाकांपाशी वळून पुन्हा वर जातो. सगळा ताण त्या वाकणावर येतो. चाकांचा धक्काही तिथेच आणि सूर संपवून विमान वर ओढताना पंखांवर येणारा भारही तिथेच. मी मधल्या भागातले स्पार, म्हणजे पंखाचे लांब कणे, पातळ बर्च प्लायचे केले, वाकणाच्या दोन्ही बाजूंनी चांगले वीतभर पुढे नेले आणि इपॉक्सीने जोडले. बाकी रिबा, म्हणजे पंखाच्या फासळ्या, बाल्सा या हलक्या लाकडाच्या. धडाला आकार देणारे फॉर्मर प्लायचे, वरून बाल्साची पातळ फळी, त्यावर काचेचं तलम कापड आणि राळ. घरभर पॉलिश पेपरची भुकटी. हिने गॅरेजच्या दाराला ओलं फडकं लावलं आणि आत यायचं बंद केलं.

वर ओढताना किती भार येईल ते आधी काढलं होतं. विमान सेकंदाला ३० मीटर वेगाने येतंय आणि ३० मीटर त्रिज्येच्या कमानीत वर वळतंय असं धरलं, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या चौपट भार पेलावा लागतो, म्हणजे २६ किलो. पंख उलटा करून दोन खुर्च्यांवर, धड जिथे बसतं तिथे, टेकवला आणि त्यावर बासमतीच्या १० किलोच्या तीन पिशव्या ठेवल्या. एक पिशवी मधोमध आणि उरलेल्या दोन पंखांवर वाकणाच्या जरा पलीकडे. टोकं खाली झुकली, एका रिबेने बारीक ‘टिक्’ असा आवाज केला. टॉर्च लावून तपासलं, तर तिथला गोंदाचा एक थेंब सुटला होता, लाकूड शाबूत होतं. पिशव्या अर्धा तास तशाच ठेवल्या. नंतर त्यातल्याच एकीचा भात झाला.

ज्या भागाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो म्हणजे फ्लॅप. स्टुका बनवणाऱ्या युंकर्स कंपनीच्या विमानांची ती खूणच आहे. पंखाच्या मागच्या कडेखाली, फट सोडून, दुसरी अरुंद पट्टी लटकलेली असते. धडाजवळचा भाग फ्लॅपचं, म्हणजे मंद वेगातही विमान तोलून धरण्याचं, काम करतो आणि टोकाकडचा एलरॉनचं, म्हणजे विमान कलवण्याचं. तिची बिजागरी पट्टीत नसते, खाली उतरलेल्या छोट्या कंसांच्या टोकाला असते. एका बाजूला असे चार कंस. चारही बिजागऱ्या एका सरळ रेषेत आल्या नाहीत तर पट्टी अडकते, ती हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्वो, कुरकुरते आणि बॅटरी उतरते. मी सगळ्या कंसांतून स्टीलची एक लांब तार आरपार ओवली, तार सैल फिरते हे पाहिलं, मगच गोंद लावला आणि तो सुकेपर्यंत तार काढली नाही. सुकल्यावर पट्टी बोटाने ढकलली तर आपल्या वजनाने परत खाली आली. तो क्षण मला अजून सुखावतो.

शेपटीवरचं नाझी चिन्ह मी रंगवलं नाही. पंखांवरचे काळे क्रूस रंगवले, ते लष्करी ओळखीसाठी पुरतात. इथे ते चिन्ह मॉडेलवर काढायला बंदी नाही, क्लबात काहींनी काढलेलंही आहे. पण माझ्या घराच्या उंबऱ्यावर दिवाळीत जे शुभचिन्ह काढलं जातं त्याची ती हिसकावून नेलेली आकृती माझ्या हाताने रंगवायला माझं मन घेईना. ऑपरेटर आयडीची चिठ्ठी बॅटरीच्या झाकणाआड लावली. तिथे ती नियमाने चालते आणि कॅमेऱ्याला दिसत नाही.

आता रेडिओ. माझा सेट २.४ गिगाहर्ट्झचा. त्याच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून रिसीव्हरची अँटेना जेमतेम तीन सेंटिमीटरची. ती धडातच राहते. चित्रपटाचं चित्रीकरण चाललं तेव्हा, १९६८मध्ये, ब्रिटनमधल्या मॉडेलवाल्यांना २७ मेगाहर्ट्झचा फ्रिक्वेन्सी पट्टा होता. त्याची लहर ११ मीटर लांब. तिच्या मानाने आखूड केली तरी अँटेनेची तार मीटरभर लांब सोडावी लागे, आणि ती विमानामागे लोंबत असे. यावरून चित्रपटात झालेली एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लिश खाडीवर पाडायच्या हाइंकेलचं पहिलं मॉडेल कोसळलं, चित्रण तपासलं, तर विमानामागे लोंबणारी अँटेनेची तार स्वच्छ दिसत होती. विमान तर गेलेलं. मग त्यांनी काय करावं? हाइंकेलच्या नियंत्रणाच्या तारा गोळ्या लागून तुटून सुटल्या आहेत, असा एक छोटा शॉट वेगळा घेतला आणि मध्ये जोडून दिला. प्रेक्षकाला वाटतं, तार तुटली म्हणून विमान पडलं.

आमच्या क्लबात ऐंशीच्या घरातले एक सभासद आहेत. माझी मुलगी त्यांना मराठीतच ‘आजोबा’ म्हणते आणि त्यांना ते आवडतं. ते शाळकरी वयात सिंगल चॅनलच्या सेटवर शिकले. त्या सेटला बोटांनी हलवायची काठी नसे, एकच बटण असे. विमानात पीळ दिलेल्या रबरावर चालणारं एस्केपमेंट नावाचं यंत्र, बटण एकदा दाबलं की रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, एका बाजूला, दोनदा दाबलं की दुसऱ्या. सोडलं की मधोमध. रबराचा पीळ संपला की रडरही संपलं. साठीच्या दशकात प्रपोर्शनल सेट आले, काठी जितकी हलवाल तितकंच रडर हलू लागलं, आणि मगच असं नेमकं उडवणं शक्य झालं. तरी पट्ट्यात मोजक्याच जागा होत्या. शेजाऱ्याने त्याच फ्रिक्वेन्सीवर चुकून सेट लावला की तुमचं विमान गेलंच. आजोबा सांगत होते, मैदानावर आल्यावर ट्रान्समीटरच्या अँटेनेला रंगीत फीत बांधायची आणि आधी सगळ्यांच्या फिती बघून यायच्या. अशा सेटवर, गाडीच्या मागच्या दारापासून काही हातांवर, पळत्या धावपट्टीवर विमान धरून ठेवणारे लोक ते. त्यांच्याबद्दल मला वाटणारा आदर, स्वतः उडवायला लागल्यापासून कितीतरी वाढला आहे.

पहिलं उड्डाण साधं झालं. चाकांवरच्या मोठ्या आवरणांमुळे हवेचा अडथळा एवढा की थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी केला की विमान लगेच मंदावतं. उतरताना याचा फायदाच होतो. गवतावर मात्र हीच आवरणं रुततात. एकदा उतरल्यावर डाव्या आवरणाखाली ओलं गवत गोळा झालं, विमान नाकावर उभं राहिलं आणि नाकावरचा फिरता पंखा मोडला. त्यानंतर फक्त डांबरी पट्टी. शेजारच्या लिंकनशरमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरतळांचे जुने तुकडे शेतांत अजून पडून आहेत. त्यातल्या एका तुकड्याच्या मालकाने आम्हाला सकाळी वापरायला परवानगी दिली.

मग चित्रण. पहिल्या दिवशी स्टुका छान उडाला, मुलीने मोबाइलवर शूट केलं, घरी येऊन मोठ्या पडद्यावर लावलं. ती म्हणाली, “बाबा, हे खेळणं वाटतंय.” खरंच वाटत होतं. विमान दिसायला हुबेहूब होतं. त्याच्या हालचालीत मात्र वजन नव्हतं.

याची कारणं एकेक करून सापडत गेली. पहिलं कारण वेळ. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी लहान होत नाही. खरं विमान ६०० मीटर खाली यायला जेवढा वेळ घेतं, त्याच्या सहाव्या हिश्शाचं मॉडेल १०० मीटर खाली यायला तेवढा घेत नाही, बरंच लवकर येतं. हिशेब वर्गमुळाचा आहे. प्रमाण एकास सहा असेल तर सहाचं वर्गमूळ, २.४५. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रं, जातात, म्हणून चित्रण करताना २४ गुणिले २.४५, म्हणजे जवळजवळ ५९ चौकटी घ्यायच्या. मी ६० घेतल्या आणि २४ने दाखवल्या. प्रमाण एकास चार असतं तर ४८ पुरल्या असत्या. एवढ्या एका बदलाने स्टुका निम्म्याने सुधारला. त्याचं कलणं सावकाश झालं, हेलकावे मोठे आणि जड वाटू लागले.

दुसरं कारण माझ्या हातात होतं, अक्षरशः. आजोबांनी ती चित्रफीत पाहिली आणि म्हणाले, “तू फार उडवतोस. काठी हलवलीस की लगेच उत्तर मिळतं, आणि प्रेक्षकाला ते दिसतं. बॉम्बर उशिरा उत्तर देतो.” आजच्या ट्रान्समीटरमध्ये सर्वोचा वेग कमी करता येतो. एलरॉनला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पाऊण सेकंद लागेल असं केलं, एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीचा, प्रवास कमी केला, आणि वळताना रडर आधी, एलरॉन मागून, अशी सवय लावून घेतली. यासाठी बरेच दिवस दुसऱ्या एका साध्या विमानावर सराव केला. १९६८मध्ये चित्रपटाच्या मॉडेलवाल्यांकडे ही बटणं नव्हती. तो संथपणा त्यांनी बोटांनी आणला होता.

तिसरं कारण हवा. वाऱ्याची झुळूक साडेसहा किलोच्या विमानाला हलवते, चार टनांच्या विमानाला तीच झुळूक जाणवतही नाही. मॉडेल एकदा थरथरलं की प्रेक्षकाचा विश्वास उडतो. म्हणून पहाटेची निवांत हवा हवी. पण पहाटे ऊन कमी. ऊन कमी तर कॅमेऱ्याचं भिंग मोठं उघडावं लागतं, मग विमानाचं नाक स्पष्ट आणि शेपटी धूसर येते. लहान वस्तू जवळून टिपल्याची ती खूण आहे. या दोन्हींचा मेळ इंग्लंडमध्ये जूनमध्ये बसतो. सूर्य पाचच्या आधीच उगवतो, सातपर्यंत चांगलं ऊन येतं आणि वारा अजून उठलेला नसतो. शेतांवर पातळ धुकं असतं तेही कामाला आलं. खरं विमान दूर असतं, त्याच्यात आणि आपल्यात हवेचा निळसर पडदा असतो. धुक्याने तो जवळच्या मॉडेललाही दिला. अशा वेळी पेट्रोल इंजिनाचा आवाज आसपासच्या घरांना नकोसा होतो, म्हणून मी मोटर विजेची घेतली होती. तिचा आणखी एक फायदा: मोठा, वीस इंची लाकडी पंखा ती सावकाश फिरवू शकते. स्टुकाच्या तोंडावर छोटा भिरभिरता पंखा शोभत नाही.

मोबाइल मात्र बाजूला ठेवावा लागला. त्याचा कॅमेरा चौकट एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने टिपतो. तेवढ्या वेळात पंखा फिरलेला असतो, आणि त्याची पाती विळ्यासारखी वाकडी दिसतात. आजोबांच्या नातवाने त्याचा चांगला कॅमेरा दिला. शटर सेकंदाच्या १२०व्या भागावर ठेवलं तेव्हा पंख्याची नीट धूसर चकती दिसू लागली.

लॅशमचा तो गाडीचा शॉट आम्ही घेतलाच. एका सभासदाची एस्टेट गाडी, मागचं दार काढून ठेवलेलं, आत कॅमेरा धरून नातू पट्ट्याने बांधून बसलेला. मी मागच्या सीटवर उलट तोंड करून ट्रान्समीटर घेऊन. शेजारी आजोबा, त्यांचं काम फक्त पुढची धावपट्टी बघून मला किती उरली ते सांगणं. आमच्याशिवाय कोणी माणूस आसपास नाही याची दोन्ही टोकांना खात्री केलेली. गाडी ताशी ६५ किलोमीटरवर स्थिर झाली. विमान मागून, थोडं उजवीकडून आलं आणि सगळं नजरेत भरलं: चाकांवरची आवरणं, वाकलेला पंख, त्याखाली फट सोडून चाललेली ती पट्टी, आणि एलरॉनचं हलकं हलकं हलणं. गाडी आणि विमान एकाच वेगाने पळत असल्यामुळे विमान जागच्या जागी तरंगतंय आणि मागे जमीन वाहतेय. माझ्या हिशेबाने हा वेग पडद्यावर ताशी १६० किलोमीटरचा वाटणार होता. गाडीमागच्या खळबळलेल्या हवेत विमान शिरलं तर ते हलतं, म्हणून त्याला गाडीच्या छपरापेक्षा जरा वर आणि बाजूला धरावं लागतं. हे कुठे वाचलेलं नव्हतं, विमान त्या हवेच्या कडेला लागलं तेव्हा कळलं. “दोनशे मीटर,” आजोबा म्हणाले. मी वर घेतलं आणि गाडी थांबली. कोणी काही बोलायच्या आत नातू ओरडला, “मिळाला!”

सूर मारण्याच्या शॉटची तयारी वेगळी. समोरून झेपावणारं विमान दाखवायचं तर कॅमेरा त्याच्या वाटेवर हवा, आणि माणसाने तिथे उभं राहण्याचा प्रश्नच नाही. वाळूच्या पिशव्यांच्या आडोशाला एक छोटा कॅमेरा वर तोंड करून ठेवला, सुरू केला आणि आम्ही सगळे वैमानिकाच्या रेषेमागे, विमानाच्या वाटेपासून लांब. बाजूचा कॅमेरा मुलीकडे. मी २०० मीटरवर जाऊन विमान सरळ केलं, थ्रॉटल उतरवला, अर्धं कलवून नाक खाली घेतलं. बाजूने पाहताना ७० अंशांचा कोन सरळ उभाच वाटतो. हलवायचं काहीच नाही, एवढंच करायचं होतं. कॅमेऱ्यात विमान एकाच जागी राहून मोठं मोठं होत जायला हवं. साठ मीटरवर आजोबा म्हणाले “आता”, मी फ्लॅप थोडे दिले आणि एलिव्हेटर हळू ओढला. पंखांची टोकं वर वाकलेली मला जमिनीवरून दिसली. विमान धावपट्टीवरून गेलं आणि चढत दूर गेलं.

खरं सूर मारणं पाच सेकंदांच्या आत संपलं होतं. पडद्यावर ते जवळजवळ बारा सेकंद चालतं. वेगाचा हिशेब केला तर माझा स्टुका खऱ्याच्या निम्म्यानेच खाली आला. पण तो आकडा पाहणाऱ्याला कळत नाही. त्याला कोन कळतो आणि स्थिरपणा कळतो. बाजूच्या कॅमेऱ्यातला शॉट चांगला आहे. आडोशाच्या कॅमेऱ्यातला त्याहून चांगला, फक्त शेवटच्या क्षणी विमान चौकटीच्या डाव्या कडेला सरकतं. मुलीने तो दोनदा पाहिला आणि विचारलं, “यात खऱ्याचे शॉट मिसळलेत का तुम्ही?”

पुष्कळांना वाटतं की मॉडेल जितकं मोठं तितका शॉट खरा. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. ‘एम्पायर ऑफ द सन’ या १९८७च्या चित्रपटासाठी बी-२९ या अमेरिकन बॉम्बरचं १८ फुटी पंखांचं मॉडेल बांधलं होतं. आपल्या खोलीत मावणार नाही एवढं ते मोठं. तरी मॉडेलांच्या चित्रणावर दिग्दर्शक समाधानी झाला नाही, आणि खऱ्या विमानांचा व वैमानिकांचा करार वाढवावा लागला. स्टुकाच्या त्या प्रसंगाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. मॉडेलं किती बारकाईने बांधली होती याहून ती कोणी कशी उडवली, कुठल्या उजेडात, कॅमेरा कुठे ठेवून, हे मला आधी दिसतं. संगणकावर केलेली विमानं मी पाहतो तेव्हा ती हवेचं काही ऐकत नाहीत असं वाटतं. हव्या त्या क्षणी वळतात, कॅमेरा कुठेही जाऊ शकतो. रेडिओ मॉडेल लहान असलं तरी खऱ्या हवेत असतं, त्याचा पंख खरोखर वाकतो.

स्टुकाची डाव्या बाजूची चाकाची तार पुन्हा सरळ केली आहे आणि वाकणातले गोंदाचे सगळे जोड भिंग लावून तपासले आहेत. येत्या हिवाळ्यात हाइंकेल घ्यायचा विचार पक्का झालाय, एकास नऊ प्रमाणाचा, अडीच मीटरचा. नऊचं वर्गमूळ तीन, म्हणजे ७२ चौकटी. त्याला दोन मोटरी आहेत, आणि एक बंद पडली तर विमान त्या बंद मोटरीच्या बाजूला कसं वळतं याचा अभ्यास आधी करावा लागेल. आजोबांनी जुने आराखडे शोधून आणून दिलेत. मधल्या पंखाच्या रिबांचं पहिलं पान मी परवा प्लायवर चिकटवलं.